खेकड्याचा लगाम

आमच्या सासुरवाडीत जावयाला फार मान असतो, असं लग्न ठरताना मला सांगितलं होतं. तो सगळा मान एका दोरीत मावतो, हे मागाहून कळलं. मांडवगण फराट्यात या घरचं लग्न असलं, की नवरदेव मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत घोड्यावर जातो आणि लगाम धरून त्याच्या पुढे चालतो तो घरचा थोरला जावई. झालं, संपलं. एरवी थोरला जावई आला काय नि गेला काय, गोठ्यातली म्हैससुद्धा वळून बघत नाही. पण त्या एका वरातीत डोक्याला फेटा, अंगात कोट, हातात लगाम आणि सगळं गाव आपल्याकडे बघतंय, असा थाट असतो. त्यामुळे लग्न झाल्यापासून मी माझा एकुलता एक मेव्हणा मोठा व्हायची वाट बघत होतो. त्याच्या आईबापांनीसुद्धा इतकी बघितली नसेल.

हा मेव्हणा म्हणजे इंद्रजीत. सासरे हौसराव, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांना आधी दोन मुली. थोरली नीलम माझ्या वाट्याला आली. (मी तिच्या वाट्याला आलो, असं ती सांगते आणि सांगताना उसासा टाकते.) धाकटी सुलक्षणा. तिचे यजमान, म्हणजे आमचे साडू, पुण्यात इंजिनीअर आहेत. माणूस शांत, निर्व्यसनी, कोणाला वाकडं बोलणार नाही. त्यांच्याबद्दल एवढंच वाईट मला सांगता येतं. मी स्वतः शिरूरला राहतो आणि सणसवाडीच्या एका कंपनीत स्टोअर्सला क्लार्क आहे. नट, बोल्ट, वॉशर, बेअरिंग, सगळ्यांचे नंबर मला तोंडपाठ आहेत. ते कुठं बसवायचे असतात, हे प्रॉडक्शनवाल्यांनी बघावं.

इंद्रजीतचं लग्न दौंडच्या मुलीशी ठरलं. लॉन ठरलं, गोरज मुहूर्त ठरला, फेट्याचा रंग ठरला. आणि एक दिवस नवरदेवानं जाहीर केलं की मी घोड्यावर बसणार नाही. त्याच्या एका मित्राच्या लग्नात डीजे सुरू झाल्याबरोबर घोडा मित्रासकट उधळला होता. मित्र पाटसला, साखर कारखान्याच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत सापडला. मुंडावळ्या बांधलेला माणूस नंबर लावून का उभा आहे, हे ट्रॅक्टरवाल्यांना कळेना. तेव्हापासून इंद्रजीतनं घोड्याची धास्ती घेतलेली. तो म्हणाला, जेसीबी आणा, मी बकेटमध्ये बसून येतो. आजकाल सगळे येतात.

आबांना हे पटेना. एक तर देवळातून निघालेल्या नवरदेवाचे पाय मांडवाच्या दारापर्यंत जमिनीला लागता कामा नयेत, हा त्यांच्या घरचा नेम. त्यात दौंडच्या व्याह्यांचा वेगळाच. वरात दारात आली की त्यांची थोरली बाई घोड्याला भिजवलेले हरभरे आणि गूळ खाऊ घालते. घोड्यानं ताटाला तोंड लावल्याशिवाय नवरदेवानं खाली उतरायचं नाही. व्याह्यांनी फोनवर हे दोनदा विचारून घेतलं होतं आणि आबांनी दोनदा "जनावर ठरवलंय" म्हणून सांगून टाकलं होतं. आता जेसीबीला हरभरे कोण चारणार, असा प्रश्न होता.

त्यावर साडू हळूच म्हणाले की माझी गाडी सजवू, मी चालवतो. गाडी नवी, पांढरी, वरचं छत उघडणारी. सगळ्यांच्या तोंडावर एकदम उजेड पडला. माझ्या तोंडावरचा गेला. साडू चालवणार म्हणजे थोरल्या जावयानं काय करायचं, वायपर धरायचा? नीलमनं माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर ओसरीवर जाऊन उभा राहिलो. ती मागोमाग आली.

"लगाम तुमच्या हातात दिसला पायजे," ती म्हणाली. "सुलक्षणाचा नवरा वरात घिऊन गेला, तर मी ह्या घरात पुन्यांदा तोंड दाखवणार न्हाई. आन् तुमाला बी दाखवू देणार न्हाई."

मी आत जाऊन सांगितलं, "मी एटीव्ही आणतो."

आता एटीव्ही म्हणजे काय, हे मलाही नीट माहीत नव्हतं. चार जाड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, बसायला सीट. थंड हवेच्या ठिकाणी पर्यटक शंभर पावलं जायला भाडं देऊन जिच्यावर बसतात, ती. माझा शिरूरचा मित्र अलीम जुन्या गाड्या घेतो-विकतो. त्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली तसली एक उभी होती, एवढंच मला ठाऊक होतं. पण युक्ती सगळ्यांना आवडली. जनावरासारखी बैठक, उधळायची भीती नाही, हँडलला जरीची पट्टी बांधली की लगाम तयार. हरभऱ्याचं ताट हेडलाइटला टेकवू, असंही ठरलं. अलीम म्हणाला, भाडं नको, लग्नाचं जेवण चालेल. गाडी पाचगणीवरून आणलीय, जरा खोकते, पण चालते.

तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण गाडी पाचगणीहून आलीय आणि खोकतेय, या दोन गोष्टी मी रात्री जेवताना मोबाईलमध्ये घातल्या. मोबाईलमधून कोलोरॅडोचा एक दाढीवाला अमेरिकन बाहेर आला, तो पुढे पंधरा दिवस आमच्या घरातून गेला नाही.

त्याचं म्हणणं साधं होतं. टू-स्ट्रोक गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये पितळेचा एक बारका तुकडा असतो, मसुराच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. त्याला जेट म्हणतात. त्याच्या भोकातून पेट्रोल इंजिनात जातं. उंच डोंगरावर हवा विरळ, म्हणून पेट्रोल कमी लागतं, जेट बारीक भोकाचा. खाली सपाटीला हवा दाट, पेट्रोल जास्त, जेट मोठ्या भोकाचा. डोंगरावरची गाडी खाली आणून तशीच चालवली, तर तिला पेट्रोल अपुरं पडतं आणि इंजिन तापून जाम होतं. कोणत्या उंचीला कोणता जेट, याचा त्यानं तक्ताच दिला होता.

मला त्या तक्त्याचं इतकं अप्रूप वाटलं की विचारू नका. नंबर होते ना त्यात. ज्या माणसानं आयुष्यभर नंबर नुसते कपाटात लावले, त्याला पहिल्यांदा ते वापरायची संधी आली होती. मी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं की पाचगणीची गाडी मांडवगणच्या लोकांच्या भरवशावर सोडण्यात अर्थ नाही, तिचं ट्यूनिंग करावं लागेल. आबा म्हणाले, "पाव्हणं, जरा चालवून तरी बगा आधी." मी हसलो. ज्याला काही कळत नाही त्याच्याकडे बघून शास्त्रज्ञ हसतो, तसा हसलो.

कार्ब्युरेटर काढून घरी आणला. अंगणात उजेड नव्हता, म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडला. तो पेट्रोलमध्ये भिजत ठेवावा, असं दाढीवाला म्हणाला होता. कशात ठेवावा, हे तो बोलला नव्हता. (त्याच्याकडे नीलम नसणार.) समोर जे पातेलं दिसलं त्यात मी तो रात्रभर ठेवला आणि सकाळी पातेलं निरमा लावून, अगदी चकचकीत घासून ठेवलं. त्या सकाळच्या चहाला असा काही वास आला की शेजारच्या सगुणाबाईंनी खिडकीतून विचारलं, गॅस लीक होतोय का. मी कप पूर्ण प्यायलो आणि चहा फक्कड झालाय म्हणून सांगितलं. नीलमनं माझ्याकडे, पातेल्याकडे आणि ओट्यावरच्या कार्ब्युरेटरकडे एकेक नजर टाकली. त्यानंतरचे चार दिवस माझा चहा त्याच पातेल्यात होत होता. घरच्यांचा वेगळ्या.

आता उंची मोजायची राहिली. वरात दौंडमध्येच निघणार, म्हणजे दौंडची उंची पाहिजे. ती कुठं मिळते, हे मला बरोबर माहीत होतं. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. लोक त्या पाटीखाली उभं राहून फोटो काढतात, वाचत कोणी नाही. लॉन बघायला म्हणून साडूंबरोबर दौंडला गेलो तेव्हा मी मुद्दाम प्लॅटफॉर्म तिकीट काढलं आणि पाटी वाचली. पाचशेच्या थोडं वर. मोबाईलमधला तक्ता काढला. पाचशे कुठं बसतं? अगदी खालच्या ओळीत, समुद्राच्या शेजारी. म्हणजे सगळ्यात मोठ्या भोकाचा जेट. पाचगणी सोडून गाडी जणू अलिबागला आली होती.

साडूंनी पाटी बघितली, तक्ता बघितला आणि विचारलं, "तक्ता फुटात आहे की मीटरमध्ये?"

मी म्हणालो, उंची ती उंची. फुटात मोजली म्हणून गाव खाली जातं का?

साडू "बरं" म्हणाले. साडूंचं "बरं" फार लागतं मला. त्यापेक्षा भांडलेलं परवडलं.

जेटचा डबा अलीमनं पुण्याहून मागवून दिला. सगळ्यात मोठा जेट मी स्वतःच्या हातानं बसवला. सुरुवातीला उलटा बसवत होतो, ते सोडा. गाडी सुरू झाली तेव्हा अलीमच्या शेडमधून एवढा धूर निघाला की समोरचा वडापाववाला पाण्याची बादली घेऊन पळत आला. मी त्याला समजावून सांगितलं की टू-स्ट्रोक म्हटलं की धूर आलाच. अलीम म्हणाला, "आधी कमी येत व्हता." मी त्याच्याकडेही तसाच हसलो. दहा मिनिटं गाडी नीट चालली. गावातल्या पोरांनी तिचं नाव खेकडा ठेवलं आणि मी लग्नाला शिवायला टाकलेल्या क्रीम कलरच्या कोटाची ट्रायल द्यायला गेलो.

लग्नाच्या दिवशी खेकडा टेम्पोतून दौंडला आला. आमचं बिऱ्हाड मारुतीच्या देवळाजवळच्या एका हॉलमध्ये होतं. खेकड्याला तिथं अंगणात उभा केला, झेंडूच्या माळा घातल्या, हँडलला जरीची पट्टी बांधली. आबांनी घरून पोळ्याची झूल आणली होती, लाल मखमलीची, आरसे आणि गोंडे लावलेली. घोडा नसला म्हणून काय झालं, अंगावर झूल पाहिजे, असं म्हणून त्यांनी ती सीटखालून चारी बाजूंनी अशी गुंडाळली की खेकडा खरंच जनावर दिसायला लागला. त्याच झुलीखाली गाडीचा हवा आत घ्यायचा रस्ता होता. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मी फेटा बांधून घेत होतो आणि फेटा बांधताना मान हलवता येत नाही.

तेलाची गोष्ट तर मला दुसऱ्या दिवशी समजली. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये थोडं तेल मिसळावं लागतं, एक छोटं टोपण, हे मी मोठ्या ऐटीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं आणि ते मिसळलंही होतं. आता या घरची रीत अशी की पाहुण्याच्या पानात कोणी एवढंसं काही वाढत नाही. पुरणपोळीवर तूप सोडायला लागले की पोळी तरंगेपर्यंत हात मागे घेत नाहीत. आबांना ते टोपण जिव्हारी लागलं. थोरल्या जावयानं एवढी मेहनत घेतलेली गाडी आणि तिला टोपणभर तेल? त्यांनी डब्यातलं भसाभसा ओतलं. मग इंद्रजीतच्या मामांनी येऊन विचारलं तेल घातलं का, आणि कोणी उत्तर द्यायच्या आत आणखी थोडं घातलं. शेवटी सासूबाई, विठाबाई, औक्षणाचं ताट घेऊन आल्या. डबा रिकामा बघून त्यांना वाईट वाटलं. त्यांच्याजवळ समईसाठी आणलेली घाण्याच्या शेंगदाणा तेलाची बाटली होती. चांगलं शुद्ध तेल, घरच्या शेंगांचं. ती त्यांनी मोकळ्या हातानं खेकड्याला वाहिली.

मारुतीला नारळ फुटला, इंद्रजीत मुंडावळ्या सावरत खेकड्यावर बसला, मी पुढे होऊन जरीची पट्टी हातात घेतली. नीलमनं लांबून बघितलं आणि पदर नीट केला. ते बघून माझी छाती इतकी फुगली की नव्या कोटाचं वरचं बटण गेलं. पुढे डीजेची गाडी, तिच्या मागे नाचणारी पोरं, मग मी, मग खेकडा, मग बायका, मग सगळं वऱ्हाड. सगळ्यात मागे साडू, मोबाईलवर शूटिंग करत. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या मागे होते.

पहिल्या वळणापर्यंत सगळं बरं चाललं. मग खेकड्यानं धूर सोडायला सुरुवात केली. शिरूरचा धूर काहीच नव्हता. हा निळा, घट्ट, हातानं बाजूला करावा असा होता. आणि त्याला वास होता. भज्यांचा. गरम, कुरकुरीत, आत्ता कढईतून काढलेल्या कांदाभज्यांचा वास दौंडच्या रस्त्यावर दरवळला.

दुपारपासून वऱ्हाडाच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालं की पंगत बसली वाटतं. दुसरा म्हणाला, आधी पोरीकडचे बसतात, आपल्याला भजी उरत नाहीत. झालं. धुरात कोण कुठं गेलं ते दिसलं नाही, पण चपलांचे आवाज एकदम लॉनच्या दिशेनं गेले. ज्या वऱ्हाडाला घरून निघायला तीन तास लागले होते, ते दोन मिनिटांत गायब झालं. डीजेवाल्याला मागचं कधीच ऐकू येत नाही. तो नाचणाऱ्या पोरांना घेऊन तसाच पुढे निघून गेला. आणि खेकडा दोनदा उचकी दिल्यासारखा हलला आणि बंद पडला.

धूर खाली बसला तेव्हा रस्त्यावर मी, नवरदेव, नीलम, गुडघ्याला हात लावून उभे असलेले आबा आणि साडू, एवढेच होतो.

मी मुळीच घाबरलो नाही. दाढीवाल्यानं यावरही सांगितलं होतं. इंजिन जास्त पेट्रोल प्यालं की ठिणगी पाडणारा प्लग ओला होतो, तो काढून पुसायचा. मी प्लग काढला. पुसला. तो कोरडा होईतो इंजिन मोकळं करावं म्हणून किक मारली. प्लग काढलेला असताना वाकून किक मारायची नसते, हे दाढीवाल्यानं सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, तो भाग मी जाहिरात समजून पुढे ढकलला असेल. प्लगच्या भोकातून सासुरवाडीचं सगळं प्रेम एका पिचकारीत बाहेर आलं आणि क्रीम कलरच्या कोटावर गळ्यापासून कमरेपर्यंत बसलं. कोट पुसता पुसता प्लग हातातून निसटला आणि घरंगळत गटारात गेला.

साडू जवळ आले. त्यांनी खाली वाकून इंजिनाकडे बघितलं, झूल कुठं गुंडाळलीय ते बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फक्त विचारलं, "पाचशे मीटर होते ना ते?"

पाचशेच्या वर मीटर म्हणजे जवळजवळ सतराशे फूट, हा हिशेब त्या क्षणी माझ्या डोक्यात आपोआप झाला. चौथीच्या मास्तरांनी किती मारलं होतं त्यासाठी, तेव्हा झाला नाही. तक्ता फुटात होता, माझी ओळ चुकली होती. मी "बरं" म्हणालो.

मुहूर्त जवळ आलेला. इंद्रजीतला खाली उतरवता येईना, कारण पाय जमिनीला लावायचे नाहीत. आबांचा चेहरा उतरला होता. साडूंनी सरळ मनानं सुचवलं की मी गाडी आणतो, खेकड्याला मागे दोर बांधू, पाच मिनिटांत पोचू. बोलणं शंभर टक्के बरोबर होतं. मी नीलमकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं, की मारुतीपासून मांडवापर्यंत पुढे साडूंची पांढरी गाडी आणि तिच्या मागे बांधलेले आम्ही. पुढची चाळीस वर्षं प्रत्येक दिवाळीत हे ऐकायचं होतं.

"काही गरज नाही," मी म्हणालो. "लगाम माझा आहे."

साडू म्हणाले, मग मी मागून ढकलतो. मी तेही नाकारलं. लगाम धरणाऱ्याला मागून साडूचा टेकू लागला, असं उद्या कोणी म्हणायला नको. जरीची पट्टी पहिल्याच हिसक्याला तुटली. नीलमनं कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून नायलॉनचा दोर आणला, मी तो खेकड्याला बांधून दुसरं टोक खांद्यावरून छातीवर घेतलं. नीलमनं माझ्या कोटाकडे बघितलं. व्याह्यांच्या दारात असं जाणार का, म्हणाली, आणि खेकड्यावरची झूल ओढून काढून माझ्या अंगावर टाकली. गळ्याशी गाठ मारली. गोंडे गुडघ्यापर्यंत आले. वर फेट्याचा तुरा होताच.

मी ओढायला लागलो. दौंडची उंची नक्की किती आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पाटीवर वाचून ती कळत नाही, लॉनच्या रस्त्याला जो चढ आहे तो नवरदेवासकट चढल्यावर कळते. प्रत्येक पावलाला झुलीचे आरसे वाजत होते. तोंडातून फेस यायचा बाकी होता. एवढी जड कशी लागतेय, म्हणून अर्ध्या चढावर मागे वळून बघितलं तर इंद्रजीतनं दोन्ही ब्रेक घट्ट दाबून धरलेले.

"दाजी, लय जोरात चाललाय," तो म्हणाला. "मला भ्या वाटतंय."

त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. नवरदेवाला तर मुळीच बोलण्यासारखं नव्हतं. पण त्यानंतर गाडी हलकी झाली.

लॉनच्या कमानीशी पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. डीजेचे लाल-हिरवे दिवे डोळ्यावर येत होते. भजी न मिळालेलं आमचं वऱ्हाड तिथं रागानं उभं होतं. पंगत बसलीच नव्हती. मुहूर्ताला अगदी थोडा वेळ उरलेला. नवरीच्या आजी पुतळाबाई भिजवलेल्या हरभऱ्यांचं ताट घेऊन पुढे आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन लग्नानंतर करायचं ठरलेलं. एटीव्हीची भानगड त्यांना कोणी सांगितली नव्हती, कारण त्यांना जनावर ठरलंय हे सांगून झालं होतं. त्यांना समोर झूल दिसली, गोंडे दिसले, तुरा दिसला, दोर दिसला. खाली वाकून धापा टाकणारं काहीतरी दिसलं. त्यांनी ताट माझ्या तोंडासमोर धरलं.

डीजेवाल्यानं नेमकं तेव्हाच गाणं बदलायला घेतलं. मी आबांकडे बघितलं. आबा व्याह्यांकडे बघत होते. व्याही घड्याळाकडे बघत होते. ताटाला तोंड लागल्याशिवाय नवरदेव उतरणार नव्हता आणि मुहूर्त कोणासाठी थांबणार नव्हता. हेडलाइट माझ्या मागे पाच हातांवर होता आणि पुतळाबाईंना तिथपर्यंत नेऊन सगळं समजावून सांगायला अर्धा तास गेला असता. मी नीलमकडे बघितलं. तिनं मान खाली घातली आणि हळूच, पण मला दिसेल अशी, हलवली.

मी ताटात तोंड घातलं.

खरं सांगतो, हरभरे चांगले होते. सकाळपासून मीही काही खाल्लेलं नव्हतं. पुतळाबाईंनी माझ्या मानेवरून हात फिरवला, दोन वेळा थोपटलं आणि म्हणाल्या, "गरीब हाय जनावर. लाथ मारत न्हाई." मग गुळाचा खडा हातानं भरवला. मागं इंद्रजीत उतरला, अक्षता पडल्या, मुहूर्त साधला. आबांनी सगळ्यांदेखत मला मिठी मारली आणि त्यांचेही कपडे तेलकट झाले. नीलम सुलक्षणाला म्हणाली, बघ, लगाम शेवटपर्यंत आमच्याच हातात होता. सुलक्षणा म्हणाली, हातात कुठं, गळ्यात होता. पण ते जाऊ दे.

जेवताना अलीम शेजारी बसला. मी त्याला सगळी चूक समजावून सांगितली, पाचगणीचा जेट, दौंडची हवा, फूट आणि मीटर. तो जिलेबी खात शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "पर ती गाडी पाचगणीला कवा चाललीच न्हाई. बारामतीच्या पार्टीची हाय. तिकडं इकायला म्हून नुसती हुबी व्हती. आन् खोकत व्हती ते पेट्रोलचा कॉक निम्मा बंद असायचा म्हून." एवढं बोलून त्यानं आणखी जिलेबी मागितली.

साडूंनी काढलेला व्हिडिओ त्यांनी फक्त घरच्या ग्रुपवर टाकला होता. चांगला माणूस आहे, मी आधीच सांगितलं. घरच्या ग्रुपवरून तो दौंडला गेला, दौंडवरून पाटसला आणि पाटसवरून कुठं कुठं गेला ते देवाला ठाऊक. माझ्या कंपनीच्या सिक्युरिटीवाल्यानं परवा मला गेटवर बघून आदबीनं बाजूला होऊन वाट दिली आणि खिशातून शेंगदाणे काढले.

गेल्या आठवड्यात घरी फोन आला. पाटसहून कोणीतरी होतं, त्यांच्या मुलाचं लग्न निघालं होतं. म्हणाले, तुमच्याकडच्या वरातीचा व्हिडिओ बघितला, फार आवडला, मिळंल का? मी म्हणालो, एटीव्ही परत दिली अहो, ती माझ्या मित्राची होती.

"न्हाई न्हाई," तिकडून उत्तर आलं. "गाडी ऱ्हाऊ द्या. ते फुडं झूल घालून वढणारं हाय ना, त्येच पायजे. आमच्यात बी हरभऱ्याचा नेम हाय."

मी फोन ठेवणार होतो. पण नीलमनं तो माझ्या हातातून घेतला आणि पदराला हात पुसत विचारलं, "तारीख कंची म्हणालात?"